उघड्या कानांचे मुरलीभाऊ

मुरलीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगवीच्या घरी लेन्स पुसत बसलो होतो. फोनवर त्यांचे जावई होते. चाकणच्या चौकात रस्ता ओलांडताना भाऊ डंपरखाली आले. "ड्रायव्हर म्हणतो, हॉर्न वाजवून वाजवून थकलो, पण ते वळूनसुद्धा बघेनात," जावई म्हणाले. या गोष्टीला सव्वा महिना झाला.

भाऊ मूळचे लातूरकडचे. सगळी नोकरी एका कंपनीच्या टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर भोसरीच्या गाळ्यात ते सिनेमावाल्यांच्या जुन्या मशिनगन सांभाळायचे. महायुद्धाच्या काळातली ती धुडं, खरी गोळी सुटणार नाही अशी कायमची बदललेली. नुसता बार आणि जाळ. मी स्लो मोशनचा कॅमेरामन. साध्या चित्रीकरणात बंदूक जरा अडखळली तरी खपून जातं, माझ्या कॅमेऱ्यात काडतुसाची एकेक रिकामी पुंगळी कुठे रेंगाळली ते उघडं पडतं. म्हणून भाऊ प्रत्येक शॉटआधी बंदूक खोलून पुसायचे, बोटाने तेल लावायचे आणि बार सुरू झाले की अगदी तिच्याशेजारी उभे राहायचे. कान उघडे. मी शंभरदा चिडलो असेन. "कानात बोळे घातल्यावर ती काय म्हणायलीय ते कसं कळंल, राव?" आणि त्यांना खरंच कळायचं. नुसत्या आवाजावरून म्हणायचे, स्प्रिंग दमलीय. खोलून बघावं तर तसंच.

मग दोन वर्षांपूर्वी तळेगावच्या माळावर बंदूक शॉटच्या मध्येच अडली, आणि भाऊ आपले खुशीत मान डोलवत उभे! माझ्याकडे पाहिलं तेव्हा कुठे त्यांना उमगलं. चेहरा खर्रकन उतरला. परतताना गाडीत म्हणाले, "कुनाला सांगू नका. काम सुटलं तर घरी बसून काय करू मी?" मी कबूल झालो. दया आली म्हणून, असं लिहिलं तर ते खोटं होईल. तसा हात दुसरा कुणाचा नव्हता, आणि मला माझे शॉट हवे होते. तेव्हापासून कॅमेऱ्यात बघून मी बोटांनी खुणा करायचो आणि ते दुरुस्त करायचे. सेटवर कुणाला पत्ता लागला नाही. घरी ते टीव्ही मोठ्याने लावत, वहिनी त्याला वय म्हणत. डॉक्टरकडे चला, असं मी एकदाही म्हटलं नाही.

दहाव्यानंतर भेटायला गेलो तर वहिनींनी विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. ह्यांना ऐकू येत नव्हतं का?"

"छे हो, चांगलं यायचं," मी म्हणालो. दोन वर्षं लपवलेलं तोंडातून निघेना.

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग हळूच म्हणाल्या, "मग हॉर्न ऐकूनबी बाजूला कामून झाले नाहीत? जिवाला कंटाळले होते का?"

मी चहा तसाच ठेवून उठलो. पळूनच आलो म्हणा ना.

वहिनी दर रविवारी पेपरची ही पुरवणी वाचतात. वहिनी, ते कंटाळले नव्हते. सोमवारच्या शूटिंगसाठी नवी स्प्रिंग करून घ्यायला ते चाकणला गेले होते. त्यांना हॉर्न ऐकूच आला नाही. आणि हे मला ठाऊक होतं.