नऊ कुठे गेला

माझा भाऊ बरा आहे की नाही, हे आईला दर शुक्रवारी कळायला हवं असायचं, आणि ते कळायचं साधन होतं एक अर्धवट व्हिडिओ गेम. हसायचं असेल तर हसून घ्या. भाऊ आखातात, पाइपलाइनच्या कामावर; सुट्टी शुक्रवारी. तिथून मोबाइलवर नेटचा कॉल लागत नाही. साधा फोन लावला तर खोलीतली बाकीची माणसं कान लावून बसलेली, त्यामुळे हा 'ठेवतो' म्हणून ठेवून देणार. मेसेज केला की उत्तरादाखल अंगठा. पण गेम खेळताना हात गुंतलेले असले की तो बोलायचा. लहानपणापासून तसाच. टीव्हीला कॅसेटचा गेम लावून आम्ही बसायचो, तेव्हा शाळेत खाल्लेला मार, कुणाशी झालेलं भांडण, सगळं तो पडद्याकडे बघत सांगायचा. माझ्या तोंडाकडे बघून त्याने आयुष्यात काही सांगितलेलं मला आठवत नाही.

मागच्या सुट्टीला आला तेव्हा एक कन्सोल आमच्यासाठी ठेवून गेला, तसाच एक तिकडे त्याच्याकडे. चाळिशीला आलेली बाई टीव्हीसमोर बसून बटणं दाबते म्हणून आमच्या थळ गावातल्या शेजारणी काय बोलत असतील, ते मला न ऐकताही ठाऊक होतं. बोला म्हटलं. तुमचं जाळं तुम्ही विणा.

गेम होता गलबताचा. दोघांनी मिळून एक मोडकं गलबत दुरुस्त करायचं आणि वादळातून बाहेर काढायचं. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने शीड सांभाळायचं. तो अजून पुरता तयार नव्हता. बीटा म्हणतात त्याला, म्हणजे आधी तुम्ही खेळा, काय बिघडतंय ते कळवा, मग आम्ही नीट करू. फुकटात होता म्हणून भावाने निवडला. आमच्या वडिलांची होडी होती, ते गेल्यावर विकली. त्यामुळे त्या गेममधल्या समुद्राला दोघांनी पहिल्याच दिवशी नावं ठेवली. भरती-ओहोटीच नव्हती त्याला. 'हा समुद्र न्हाय, तळं हाय,' भाऊ म्हणाला होता. पहिल्या दिवशी आवाज अगदी स्वच्छ येत होता.

पुढच्या शुक्रवारी गेमला अपडेट आला आणि त्या बीटाने माझ्या नाकी नऊ आणले. गलबत चालता चालता थबकायचं आणि मग एकदम खडकावरच दिसायचं. भाऊ 'वळव' म्हणायचा ते मला आपटल्यावर ऐकू यायचं. शुक्रवार सोडून रोज मी अलिबागला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. दिवसभर 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे लोकांना मीच सांगते, आणि घरी येऊन मलाच तेच! डोकं फिरायचं. पण मी अशी गोष्ट सोडत नाही, हा माझा गुण म्हणा की खोड म्हणा.

या अडखळण्याला लॅग म्हणतात, आणि त्याचे आजार दोन. एकात मशीन दमतं आणि चित्रच अडखळतं. दुसऱ्यात नेट मागे पडतं; चित्र छान पळतं, पण समोरचा माणूस मघाचा दिसतो. आम्हाला दोन्ही जडले होते. मशीन उघडून बघितलं तर खाऱ्या हवेने पंख्यावर चिकट थर बसलेला. मऊ ब्रशने तो काढला. जुने गेम पुसून जागा केली. सेटिंगमध्ये चित्र सुंदर हवं की वेगात हवं असं विचारतात, तिथे वेगात म्हटलं. वायफाय बंद करून केबलवाल्याकडून खिडकीतून वायर ओढून घेतली. आधीच्या वायरचं टोक हिरवं पडलं होतं, ते कापून नवीन बसवायला लावलं. मग कळलं की गेम स्वतःच कुठला तरी लांबचा सर्व्हर धरतोय, आमच्या दोघांपासूनही लांबचा. दोन मेनूंच्या आत लपवून ठेवलेलं ते सेटिंग शोधून जवळचा सर्व्हर धरला. एकेका शुक्रवारी एकेक गोष्ट सुधारत गेली.

एवढं करूनही एक गोष्ट जाईना. भावाचा खलाशी मध्येच उभा राहायचा. शीड ओढायचं सोडून नुसता उभा. मी म्हणायचे, 'तुझ्याकडून लॅग होतंय, राउटर बंद करून चालू कर.' तो मुकाट्याने करायचा. परत येऊन थोडा वेळ ओढायचा आणि परत उभा. तिकडचं नेटच दळभद्री, म्हणून मी त्या नेटला शिव्या घालायचे.

या सगळ्यात आईचं काम ठरलेलं. गावाशेजारच्या खत कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की ती ओल्या हाताने बाहेर यायची, हेडफोन उलटासुलटा कानाला लावायची आणि विचारायची, 'बरा हायस ना रं?' दुकानात मी आहे-नाही बोलते, घरात आमचं सगळ्यांचं हाय-न्हाय. पलीकडून यायचं, 'हाय.' आई हेडफोन माझ्या मांडीवर ठेवून आत बोंबील तळायला जायची. तिचा शुक्रवार तेवढ्यावर भागायचा. आणि मी म्हणायचे, 'चल मग, शीड ओढ.'

एका शुक्रवारी गलबत सरळ चालायला लागलं. चित्र अडखळत नव्हतं, नेट मागे पडत नव्हतं. राहिला आवाज. भावाचे शब्द अजून तुटके यायचे. म्हटलं हेही आजच उरकून टाकू.

'एक ते दहा मोज,' मी म्हटलं.

त्याने मोजले. सात, आठ, ऊ, दहा.

'परत मोज.'

परत ऊ.

'अरे, नऊ कुठे गेला? डोक्यात ऊ झाली का तुझ्या?'

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल. मी सेटिंग बघितलं तर गोम लगेच सापडली. नव्या अपडेटमध्ये माईक सतत चालू राहत नव्हता. माणूस बोलायला लागला की तो आपला आपण उघडायचा, आणि उघडेपर्यंत पहिलं अक्षर बाहेरच राहायचं. क, ट, प अशी दणकट अक्षरं घुसायची आत. मऊ 'न' मात्र बाहेर.

'नको म्हण,' मी म्हटलं.

'को.'

'नारळ म्हण.'

'आरळ.'

मी हसून हसून बेजार. हसणं ऐकून आई बाहेर आली. तिला हेडफोनमधलं काही ऐकू येत नव्हतं. पदराला हात पुसत मला म्हणाली, 'दात काय काढतेस? इचार त्याला, बरा हाय का न्हाय.'

माझं हसू तिथेच थांबलं. हातातली बटणं मी खाली ठेवली.

'न्हाय म्हण,' मी त्याला म्हटलं.

मग आवाज आला, 'हाय.' दर शुक्रवारी यायचा अगदी तसाच.

मी त्याला त्याच्या बाजूचं माईकचं सेटिंग बदलायला सांगितलं. कुठे जायचं, काय दाबायचं, सगळं हळूहळू सांगितलं. दुकानात लोकांना सांगते तसंच सांगितलं. त्याने बदललं आणि एकदम त्याची अख्खी खोली ऐकू यायला लागली. पंखा, कुणाची तरी खाट, बाहेरचा हॉर्न. पहिला दिवस सोडला तर त्या खोलीचा मला आवाजच आला नव्हता.

'बरा हायस ना रं?' मी विचारलं.

'न्हाय,' तो म्हणाला. पुरता शब्द आला. 'कवापासनं सांगतोय. पाय सुजतात, खाल्लेलं राहत न्हाय. खेळता खेळता धाप लागते म्हणून बसतो, तर तू म्हनतेस राउटर बंद कर. आईला न्हाय म्हटलं, तर तू म्हनतेस शीड ओढ. मग म्हटलं, जाऊ दे. यांना ऐकायचं न्हाय.'

त्याच्या बोलण्यात राग असता तर मी चार उलट शब्द ऐकवले असते, भांडलो असतो, मोकळे झालो असतो. राग नव्हता. आमच्याकडचे पुरुष एकदा सांगतात, आणि कुणी धरलं नाही तर गप्प बसतात. हा तर पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्या हिशेबाने त्याने फार सांगितलं होतं.

आई समोर उभी. 'काय म्हनला?'

'न्हाय म्हनला,' मी सांगितलं.

तो परत आला तेव्हा विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून बाहेर आला. मूत्रपिंडं गेलेली. उन्हातलं काम, पाणी कमी, आणि अंग दुखलं की गोळ्या. अलिबागचे डॉक्टर त्याला म्हणाले, 'अहो, इतकं होईपर्यंत घरी बोलला नाहीत का?' त्याने भिंतीकडे बघितलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बोलला, डॉक्टर, दर शुक्रवारी बोलला. पण असल्या गोष्टी सांगणार कशा? मी फाइल उचलली आणि रक्त तपासायच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

बीटामध्ये काय बिघडलं ते लिहायला एक चौकट असते. मी तिथे लिहिलं होतं की तुमचा माईक पहिलं अक्षर खातो. लगेच उत्तर आलं, मशीननेच पाठवलेलं, तुमच्या मदतीबद्दल आभार. पुढे गेम पुरा होऊन आला तेव्हा माईक त्यांनी खरंच नीट केला होता. समुद्रही अडकत नाही आता. भरती-ओहोटी मात्र अजून नाही.

डायलिसिस नसेल त्या दिवशी आम्ही दोघं एकाच टीव्हीसमोर बसून तो गेम खेळतो. सुकाणू माझ्याकडे, शीड त्याच्याकडे. त्याचा खलाशी मध्येच उभा राहतो. मी गलबत थांबवून ठेवते, राउटरचं नाव काढत नाही. भोंगा झाला की आई आतूनच विचारते, 'बरा हायस ना रं?'

'हाय,' तो म्हणतो, पडद्याकडे बघत.

मधे ना माईक, ना वायर. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून तो म्हणतो. तरी मी दर वेळी त्या शब्दाच्या आधीचा 'न' ऐकायला कान लावते. तो कुठेच नसतो. आता भाऊच तो खाऊन टाकतो, आईसाठी.