मडक्याच्या आतली बोटं

बुधाजी कुंभाराने स्मशानात मागे वळून पाहिलं, ही बातमी तो घरी पोचायच्या आधीच आळीत पोचली होती. खांद्यावरचं मडकं मागे सोडलं की वळून बघायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ह्या माणसाने तर चाळीस वर्षं साऱ्या गावाला तीच मडकी पुरवलेली.

"आता मनुबाई मागोमाग येते बघा घरी," शेजारची नीराबाई म्हणाली. नीराबाईला हळू बोलणं कधी जमलंच नाही.

"आली तर बरंच होईल," बुधाजी म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

बायकोचं आणि त्याचं भांडण तरी कुठे संपलं होतं? चाक बुधाजीचं, नक्षी मनुबाईची. घट्ट झालेल्या ओल्या मडक्यावर ती भाजलेल्या मातीचे छाप दाबायची. कधी दोघं समुद्रावर गेली की नवरा भेळ शोधी आणि ही शिंपले. काशीदच्या सुरूच्या बनातून ओटीभर बोंडं आणली तेव्हा आळी आठवडाभर हसली. त्या बोंडांचा ठसा मातीत उमटवून तिने छाप भाजला आणि माठाच्या गळ्याभोवती अशी खरखरीत पट्टी ओढली, की रिसॉर्टवाले दारात गाडी लावून उभे.

"पानी काय नक्षीनं थंड होतं काय गो?" बुधाजी विचारायचा.

"न्हाय. तुमचा वाकडा माठ बघून गिऱ्हाईक तापतंय, त्याला थंड करायला नक्षी."

आळीला हे पाठ होतं. तरी नीराबाई ते ऐकायला तांदूळ निवडण्याचं निमित्त करून रोज पडवीत यायची.

गेल्या पौषात मनुबाईच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं. तेव्हा तिने एका लहान मडक्यावर आपले अकराच्या अकरा छाप एकेकदा दाबले. बुधाजीने ते भट्टीत लावलं, पण तोंड गप्प राहील तर तो बुधाजी कसला? "पाव्हण्यांना दाखवायचा नमुना काय ह्यो?"

"ह्यो इकायचा न्हाय," ती म्हणाली. "माझा हाय."

ते मडकं तिने पडवीच्या डाव्या कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवलं. तो कोपरा स्मशानाच्या मडक्यांचा. तिथून गिऱ्हाईक उगाच काही उचलत नाही, म्हणून तिने तीच जागा निवडली. त्या मडक्यांवर ती चुकूनही छाप दाबत नसे. जळायला जाणाऱ्याच्या पुढ्यात नटायचं नसतं, असं तिचं म्हणणं.

चैत्रात तीन दिवसांच्या तापाने मनुबाई गेली. कुंभाराच्या घरी मडकं विकत आणायची वेळ येत नाही. पनवेलला ट्रक चालवणारा पुतण्या सदा म्हणाला, "मी आणतो." त्याने डाव्या कोपऱ्यात हात घातला, गोणपाटाखाली लागलं ते उचललं, विहिरीवर भरलं. नक्षी बघायला त्या वेळी कुणाचे डोळे कोरडे होते?

चितेपाशी मडकं मागून कुणीतरी बुधाजीच्या खांद्यावर दिलं. सावरायला त्याने हात वर नेला, तर बोटांना शिंपला लागला. त्याच्या शेजारी सुरूचं बोंड.

खांद्यावर घेतलेलं ते मडकं खाली ठेवता येत नाही. सारा गाव उभा, ती लाकडांवर निजलेली. बुधाजी चालू लागला. पहिल्या फेरीला दगडाने भोक पडलं, पाणी पाठीवरून ओघळलं. तो इतका सावकाश चालला, की लोकांना वाटलं गुडघे धरले. गुडघे नव्हते धरले. तो बोटांनी छाप मोजत होता. नऊपर्यंत पोचला आणि तिसरी फेरी संपली.

त्याने मडकं सोडलं. आवाज झाला. आणि त्याने वळून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले तेव्हा त्याने एक खापरी उचलून सदऱ्याच्या खिशात घातली. सदाला झाला प्रकार तेव्हा कळला आणि तो घळाघळा रडला. "काका, छाप हायेत ना डब्यात. तसंच दुसरं करू."

तेराव्यानंतर बुधाजीने तसंच दुसरं केलं. मडकं घडवलं, घट्ट होऊ दिलं, डावा हात आत आधाराला घातला आणि उजव्या हाताने बाहेरून एकेक छाप दाबला. काम नीट उतरलं. नीराबाई येऊन बघून गेली. "हुबेहूब हो भावोजी. तिचंच वाटतंय."

ती गेल्यावर त्याने खिशातली खापरी काढून शेजारी धरली. बोंड तसंच होतं, शिंपलाही तसाच. मग त्याने खापरी उलटी केली. आतल्या बाजूला, बरोबर छापांच्या मागे, दोन लहान खळगे होते. ती आतून आधाराला बोटं लावायची, त्या बोटांचे. चाळीस वर्षांत त्याने मडक्याची नक्षी बाहेरूनच पाहिली होती, तीही हसायला.

त्याने आपल्या नव्या मडक्यात हात घालून चाचपलं. आत त्याचेच जाडे, पसरट खळगे होते.

नवं मडकं ओलं होतं. त्याने ते मुठीने दाबून परत मातीच्या ढिगात टाकलं. मग पडवीत बसून खापरीतल्या खळग्यात करंगळी टेकवून पाहिली. करंगळीही मावली नाही.

"काय बघताव, भावोजी?" कुंपणापलीकडून नीराबाईने विचारलं.

"खापरी हाय," बुधाजी म्हणाला.

आणि नीराबाई, आळी साक्ष आहे, तांदूळ न घेताच पडवीत येऊन बसली.