जवळ दिसणारं देऊळ

मी सूड घेतला आणि मला त्याचं अजून वाईट वाटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या पश्चात्तापाची कोणी वाट बघत बसायला नको.

शिवाजी पार्कात सकाळी चालणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. बहुतेक सगळे रिटायर्ड. त्यांचा म्होरक्या एक साहेब. कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि तो हुद्दा अजून अंगातून उतरलेला नाही. बायपासनंतर आमचे हे पार्कात यायला लागले तेव्हा अगदी हळू चालायचे. हा मेला मागून यायचा आणि ओरडायचा, "बाजू द्या, बाजू द्या, पुढे मालगाडी आहे!" कट्ट्यावरचे सगळे खो खो हसायचे. हेही कसनुसे हसायचे. घरी आल्यावर मात्र बूट काढून कोपऱ्यात भिरकावायचे.

मग थंडीत कर्जतच्या बाजूला सहल ठरली. नदीकाठाने आणि पुढे कालव्याच्या बांधावरून दिवसभर चालायचं. ह्यांनी हौसेने नवी टोपी आणली. साहेबाने सगळ्यांसमोर ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आपले घरीच आराम करा. उगाच अख्ख्या ग्रुपचा खोळंबा."

हे "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पार्क बंद. गॅलरीतली खुर्ची, पेपर, टीव्ही. डॉक्टरांनी बजावलं की चालला नाहीत तर परत माझ्याकडे यावं लागेल, आणि तेव्हा मी काही करू शकेनच असं नाही. मुलाने फोनवरून दम दिला. मी रडून पाहिलं. ढिम्म! माझ्या डोळ्यांदेखत माणूस खुर्चीत खचत चालला होता. माझं डोकं असं सणकलं की सहलीला मी एकटी गेले.

सकाळी नदीकाठ छान होता. धुकं होतं, म्हशी पाण्यात बसल्या होत्या. साहेब सगळ्यांच्या पुढे, आणि दर थोड्या वेळाने मागे वळून, "चला, चला, पाय उचला!" मी मुकाट चालत होते. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं. लहानपणी मामाबरोबर मी तो कालवा पुष्कळ तुडवलाय, हे ग्रुपात सगळ्यांना माहीत होतं.

नदी सोडून आम्ही कालव्यावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. सुरुवातीलाच एक आंब्याचं झाड आहे, तिथे डबे सोडायचं ठरलं. साहेबाला समोर बांधावर देवळाचा पांढरा कळस दिसला.

"वहिनी, बघण्यासारखं आहे का हो ते देऊळ?"

"आहे तर! एवढ्या लांब येऊन ते नाही पाहिलं तर काय पाहिलं?"

"मग हा गेलो आणि हा आलो. तुम्ही डबे काढा."

कालवा सुतासारखा सरळ असतो. मध्ये काही आडवं येत नाही, म्हणून लांबचं जवळ दिसतं. त्या बांधावर पुढे सावलीला एक झाड नाही. आणि पार्कात चालणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळतच नाही. पार्काची फेरी तुम्हाला आपोआप जिथून निघालात तिथेच आणून सोडते, गेटवर नारळपाणीवाला उभा असतो. इथे जेवढं जाल तेवढंच उलट यावं लागतं. साहेबाच्या हातात पाणीसुद्धा नव्हतं. माझ्या पिशवीत भरलेल्या दोन बाटल्या होत्या. एक द्यावी असं मनात आलं, नाही असं नाही. आलं आणि गेलं.

एकीने विचारलं, "लांब नाही ना हो ते?"

"अहो, साहेबांना कसलं लांब? ते काय तुमच्याआमच्यासारखे आहेत?"

तो हे ऐकून असा काही फुगला की आणखी झपाझप निघाला.

आमची थालीपिठं संपली, दहीभात संपला. बांधावर आधी ठिपका दिसत होता, मग तोही दिसेना. फोन लागेना. सगळे कावरेबावरे झाले. मी संत्री सोलून वाटत होते.

शेवटी फटफटीचा आवाज आला. दूधवाल्याच्या गाडीवर, दोन किटल्यांच्या मध्ये कोंबलेला साहेब! तोंड लालबुंद, एक बूट हातात, टाच सोलून निघालेली. मी बाटली पुढे केली. ती त्याने एका दमात रिकामी केली.

"पोचलात का देवळापर्यंत?" मी विचारलं.

"नाही जमलं," तो पुटपुटला.

"अरेरे. मग उगाच अख्ख्या ग्रुपचा खोळंबा झाला हो."

आधी कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मग सगळा आंबा हसला. मीही पोटभर हसून घेतलं.

रात्री ह्यांना सांगायला लागले तर हे टीव्हीवरून मान वळवेनात. किटल्यांपर्यंत आले तसा ह्यांनी आवाज बंद केला.

"मध्ये म्हणजे नक्की कसा?"

मी स्टुलावर गुडघे जुळवून, अंग चोरून बसून दाखवलं. ह्यांनी छातीवर हात नेला. मी स्टुलावरून उठलेच. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चांगलं हसू नव्हतं ते, दुष्टच होतं. मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हे खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते.

"कुठे?"

"पार्कात. लंगडतो कसा ते बघायचंय मला."

साहेब कट्ट्यावरच होता, बँडेज बांधलेला पाय समोर ताणून. हे त्याच्या पुढ्यातून गेले. नमस्कार नाही, बघणं नाही, नुसते सावकाश चालत गेले. कशीबशी एक फेरी झाली. घामाने शर्ट भिजला होता. मी म्हटलं, "पुरे आता, घरी चला."

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकून श्वास घेतला आणि मान वर करून बघितलं.

"अजून बसलाय ना तो?"

"बसलाय."

"मग आणखी एक मारू."