कालव्यातून पुढच्या गावाला

कपडे काठावर ठेवून मी वाहत्या कालव्यात उतरलो, हीच चूक. पंक्चरच्या दुकानात तापल्या रबराचा वास आला की दिग्रसजवळचा तो रविवार आठवतो. पुण्याहून आलेला साळा सकाळपासून वॉटरपार्कचं कौतुक करून राह्यला होता. त्याच्यापुढे मान खाली कशी घालायची? "आमचा कालवा फुकट अन् भारी!" म्हणत मी ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बसलो. गव्हासाठी सोडलेल्या पाण्यानं मला थेट पुढच्या गावाच्या धुण्याच्या घाटावर नेऊन टाकलं. बाया ओरडल्या, "अवो, कोन होय हा उघडा?" नुसत्या चड्डीवर, गळ्यात ट्यूब अडकवून, भर गावातून मी मान ताठ ठेवून परतलो. काल बायकोला ठणकावलं, "या रविवारी पुन्हा उतरतो!" ती म्हणाली, "उतरा खुशाल. फक्त नवरा कोनाचा, हे कोनाले सांगू नका."