दोन दारांची गाडी

सुप्रभाला जपानी येत नाही, असं नीलकंठ सगळ्यांना सांगायचा आणि सुप्रभाने ते कधी खोडून काढलं नव्हतं.

खरं तर तिला चांगलंच येत होतं. क्षितिज शाळेत जायला लागला तशी ती नागोयातल्या घराजवळच्या एका कारखान्यात बैतो करायला लागली. अर्धवेळ काम. डब्यांत भात, तळलेला मासा, लोणच्याची फोड भरून झाकण लावायचं. अन्न खराब होऊ नये म्हणून ती खोली बाराही महिने गार ठेवलेली असे, आणि उभं राहून राहून सुप्रभाचे गुडघे कायमचे धरले होते. बरोबरच्या बायका मात्र गप्पिष्ट होत्या. त्यांचं ऐकून ऐकून भाषा आधी तिच्या कानात बसली, मग जिभेवर आली.

नव्या नवलाईत एकदा घरी पाहुणे जेवायला आलेले असताना ती शेजारच्या जपानी बाईंशी चार वाक्यं बोलली. बाई गेल्यावर नीलकंठने तिची नक्कल केली. माना वेळावत, नाकातून आवाज काढत, सांगलीची जपानी बाहुली म्हणून. पाहुणे पोट धरधरून हसले. सुप्रभाही हसली. त्यानंतर नवऱ्यासमोर ती ‘अरिगातो’, म्हणजे ‘आभार’, याच्या पुढे कधी गेली नाही.

नीलकंठ चिंचवडहून आलेला इंजिनियर. गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेणं हे त्याचं काम. ऑफिसात त्याचं सगळं इंग्रजीत भागायचं आणि बाहेर दुभाष्या म्हणून मुलगा होता. बँक, दवाखाना, वॉर्ड ऑफिस, कचरा चुकीच्या दिवशी टाकला म्हणून तक्रार घेऊन येणारे शेजारी, सगळीकडे क्षितिज. शब्द न चुकवता इकडचं तिकडे करायचं आणि स्वतःचं काही बोलायचं नाही, हे त्याला लहानपणीच शिकवलं गेलं होतं.

क्षितिज शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. अकरावीत असताना त्यांचा कार्यक्रम झाला. नीलकंठ पहिल्यांदाच ऐकायला आला, टाळ्या वाजवल्या, आणि मग मुलाला घेऊन बँडच्या बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

“सांग त्यांना, की गणितात मी दिवे लावलेत. उद्यापासून माझं नाव काढून टाका.”

“बाबा, हे तुम्ही घरी...”

“सांग. मी उभा आहे ना इथे.”

क्षितिजने सांगितलं. स्वतःचं नाव स्वतःच काढायला लावलं, तेही हातात वाद्याची पेटी धरून. बाई कितीतरी वेळ वाकून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं. सुप्रभा मागे उभी होती आणि तिला प्रत्येक शब्द कळत होता. घरी आल्यावर तिने मुलाला वरण-भात वाढला. दुसरं काही केलं नाही.

पुढच्या वर्षी नीलकंठने गाडी घ्यायचं ठरवलं. साधीसुधी नाही, अमेरिकन हेवी ड्युटी पिकअप. ऑफिसातल्या कुणा अमेरिकन पाहुण्याने दाखवलेल्या फोटोने त्याच्या डोक्यात हे खूळ भरलं होतं. शहराबाहेर असल्या गाड्या मागवून देणारं एक दुकान होतं. त्याने माहितीपत्रकं आणली आणि जेवणाच्या टेबलावर तीच पसरलेली असायला लागली. सगळ्यात खालचं ट्रिम, म्हणजे सगळ्यात साधी प्रत, कशी, त्याच्यावरचं काय, वरच्यात क्रोमचा बंपर कसा, सगळ्यात वरच्यात लेदर कसं शिवलेलं. टोइंगचं पॅकेज, ऑफ-रोडचं पॅकेज, थंडीचं पॅकेज. या पॅकेजबरोबर ते घ्यावंच लागतं, त्याच्याबरोबर हे मिळत नाही. असली जड गाडी चालवायला लागणारा वरच्या वर्गाचा परवानाही त्याने काढला. घरापासून बऱ्याच अंतरावर मोठी पार्किंगची जागा भाड्याने घेतली. तो क्रू कॅब म्हणायचा, म्हणजे चार दारांची, मागे ऐसपैस सीट असलेली, आणि म्हणताना त्याचा आवाजच बदलायचा.

सुप्रभाने त्या पत्रकातलं एकच काही मागितलं. “अहो, ती थंडीच्या पॅकेजमधली गरम होणारी सीट घ्याल ना? माझ्या गुडघ्यांना जरा बरं पडेल.”

“बघू,” नीलकंठ म्हणाला.

बघितलं ते दुकानात. मोरिता-सान नावाचा मध्यमवयीन विक्रेता, अतिशय अदबशीर माणूस, एकेक पर्याय टेबलावर मांडत होता. थंडीच्या पॅकेजचा विषय निघाला तसा नीलकंठ खुर्चीत मागे रेलला.

“क्षितिज, विचार त्याला, फक्त ड्रायव्हरची सीट गरम होणारी मिळते का? बाजूच्या सीटला कशाला? तिथे चरबीचं पॅकेज बसणार आहे.” आणि स्वतःच्याच विनोदावर तो मोठ्याने हसला.

मोरिता-साननेही, गिऱ्हाईक हसतंय म्हणून, हसून क्षितिजकडे पाहिलं. काय म्हणाले, असं त्याने विचारलं. क्षितिजने जपानीत फक्त पुढचा प्रश्न विचारला. त्याचे कान लाल झाले होते. सुप्रभा मांडीवरची पर्स सारखी करत राहिली.

शेवटी मोरिता-सानने संगणकावर काहीतरी पाहिलं, चेहरा पाडला आणि हळू आवाजात लांबलचक सांगायला सुरुवात केली. सुप्रभाला सगळं समजलं. फार दिलगीर आहे, पण वरच्या ट्रिमच्या चार दारांच्या गाडीची यंदाची नोंदणी बंद झाली आहे. आता मिळू शकते ती एकच, दोन दारांची, सगळ्यात खालच्या ट्रिमची. ही मजूर लोक कामाला वापरतात. लोखंडी चाकं, काळा बंपर, रबरी फरशी, रेक्झिनचं एकच लांब बाक. तिला कुठलंही पॅकेज जोडता येणार नाही. हवी ती गाडी पाहिजे असेल तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबावं लागेल. मी थांबायलाच सुचवेन.

“काय म्हणतोय?” नीलकंठने विचारलं.

क्षितिजने क्षणभर टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं.

“यायला थोडा उशीर होईल म्हणतायत. चालेल का?”

“चालेल म्हण. पण हीच पाहिजे, दुसरी नको. आज, आत्ता बुक कर.”

क्षितिज मोरिता-सानकडे वळला आणि स्वच्छ, सभ्य जपानीत म्हणाला, “वडील म्हणतात, चालेल. दोन दारांचीच द्या. आजच नोंदवा.”

मोरिता-सानने पुन्हा विचारलं, नक्की? क्षितिज म्हणाला, नक्की. मोरिता-सानने कागद पुढे सरकवला आणि एक नजर सुप्रभाकडे टाकली. तिने तोंड उघडलं असतं तर तिथेच सगळं थांबलं असतं. तिने पर्सची चेन लावून घेतली. किती वर्षांनी तिला आतून काहीतरी गोड लागत होतं. नीलकंठने कागदावर नजरही न टाकता ऐटीत सही ठोकली.

परतताना आगगाडीत मायलेक शेजारी बसले होते. क्षितिजने तिच्याकडे पाहिलं नाही. आईला काही कळलं असेल अशी शंकाही त्याला आली नसावी. बापाचं ऐकून तोही धरूनच चालला होता, की आईला जपानी येत नाही.

काही दिवसांनी सकाळी घरचा फोन वाजला. नीलकंठ ऑफिसात, क्षितिज शाळेत. मोरिता-सान होता. ऑर्डर उद्या पक्की होऊन अमेरिकेला जाईल, मग बदलता येणार नाही. मला राहून राहून शंका येते आहे, तुमच्या यजमानांना खरंच दोन दारांची, कामाचीच गाडी हवी आहे ना? तो अगदी सावकाश, सोप्या शब्दांत बोलत होता.

गॅसवर आमटी होती. सुप्रभाने आच बारीक केली.

“हो,” ती जपानीत म्हणाली, “तीच द्या. त्यांना तीच हवी आहे. त्रास घेऊन फोन केलात, आभारी आहे.”

तिने फोन ठेवला, कामावर गेली आणि दिवसभर डब्यांना झाकणं लावली.

गाडी यायच्या दिवशी नीलकंठने अर्ध्या मराठी मंडळाला बोलावलं होतं. विजयकुमार आणि अनुराधा पेढे घेऊन आले होते. झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकू, सगळं पार्किंगच्या जागेत मांडलेलं. मोरिता-सान स्वतः गाडी चालवत आला.

पांढरी, उंच, बोजड गाडी. दोन दारं. पुढे एक बाक आणि मागे नुसता लांबच लांब हौदा.

“ही आपली नाही,” नीलकंठ हसत म्हणाला. “कुणा दुसऱ्याची आणली याने.”

मग त्याने कागदावर स्वतःची सही पाहिली. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण चेहरा राखाडी झाला. विजयकुमारने दार उघडून आत पाहिलं, रबरी फरशीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, “वा! विटा वाहायला उत्तम.” दोघंतिघं हसले.

“क्षितिज.” नीलकंठचा आवाज अगदी शांत होता. “विचार त्याला. हे कुणी सांगितलं?”

क्षितिजच्या ओठांवरचा रंग उडाला. त्याने विचारलं. मोरिता-सान पांढराफटक पडून वाकला आणि सांगायला लागला. मला शंका होती, म्हणूनच मी घरी फोन केला होता. ओकुसान फोनवर आल्या. तुमच्या पत्नी. त्या म्हणाल्या, हीच गाडी द्या.

त्याला आणखीही काही सांगता आलं असतं, दुकानात मुलगा काय म्हणाला होता ते. पण प्रश्न मुलाच्याच तोंडून आला होता, आणि बोट बापाच्या सहीकडे जाईल या आशेने क्षितिजने शब्द फिरवून एवढंच विचारलं होतं, ऑर्डर शेवटी पक्की कुणी केली.

क्षितिजने आईकडे पाहिलं. तिने फोनवर काय केलं, हे त्याला आत्ताच, सगळ्यांच्या देखत कळत होतं. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि सुप्रभाला वाटलं, आता हा खाली मान घालून स्वतःचं सांगेल. निदान गप्प तरी बसेल.

“आईने फोनवर सांगितलं म्हणतायत,” क्षितिज म्हणाला. “जपानीतून. हीच गाडी द्या म्हणून.”

शब्द न चुकवता.

“जपानीतून?” नीलकंठ बायकोकडे वळला. “तुला येतं?”

“येतं,” सुप्रभा म्हणाली. “बरीच वर्षं.”

मुलाचं नाव घेणं तिच्या हातात होतं. तिने घेतलं नाही. अनुराधाने उगाचच पेढ्यांचा पुडा उघडून पुन्हा बंद केला.

“नारळ फोड,” नीलकंठ सुप्रभाला म्हणाला. “तुझी गाडी आहे.”

तिने फोडला.

गाडी परत करणं किंवा विकणं म्हणजे आपण फसलो हे मान्य करणं. नीलकंठ तसला माणूस नव्हता. त्याने ती ठेवली आणि तिचाच चाबूक केला. दर रविवारी कुणाकडे तरी जायचं, सुप्रभाला बाकाच्या मधोमध बसवायचं, गुडघे गिअरच्या दांड्याला टेकवून, आणि पोचल्यावर सगळ्यांना बोलावून दाखवायचं. “या, बघा, आमच्या बाईसाहेबांची निवड. अमेरिकेतनं मागवली. सीट गरम होत नाही, पण बाईसाहेब आहेत ना!” लोक आधी हसायचे, मग कसनुसे हसायचे, मग बोलावणी कमी झाली. तरी तो थांबला नाही. घरात मात्र तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. काही सांगायचं असलं की मुलाला सांगायचा, “तुझ्या आईला सांग.” तीन माणसांच्या घरात, एकाच टेबलावर, मराठीतून मराठीत, क्षितिज निरोप पोचवत राहिला.

मार्चमध्ये क्षितिजला टोकियोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिथल्याच एदोगावा भागात एक खोली ठरली. निघायच्या दिवशी त्याच्या बॅगा हौद्यात टाकल्या आणि तिघं त्या बाकावर खांद्याला खांदा लावून स्टेशनवर गेली. नीलकंठने गाडी कडेला लावली, पण इंजिन चालूच ठेवलं.

क्षितिज उतरला. बॅगा खाली काढल्या आणि उघड्या दारापाशी घुटमळला. मग जपानीत, खालच्या आवाजात, आईला म्हणाला, “माफ कर. तू माझं नाव सांगितलं नाहीस. तू मला वाचवलंस.”

आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी जपानीत बोलला होता. सुप्रभाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मिसरूड फुटलेला, बापाचंच नाक असलेला मुलगा.

“तुला वाचवायला नाही गप्प बसले,” ती जपानीतच म्हणाली. “तुझ्या बापाचं तोंड पडलेलं मला बघायचं होतं. आणि त्या दिवशी पार्किंगमध्ये तू काय केलंस, तेही मी पाहिलं. तू त्याचाच आहेस. सुट्टीला घरी यायची काही गरज नाही.”

क्षितिजने बॅगेचा पट्टा खांद्यावर चढवला.

“काय म्हणाली?” नीलकंठने स्टिअरिंगवरून मान न वळवता विचारलं.

“नीट जेवत जा म्हणाली,” क्षितिज म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.

तो सुट्टीला आला नाही. सुरुवातीला बापाला अधूनमधून फोन करायचा, मग दिवाळीपुरता. सुप्रभाने कारखान्यात पूर्ण दिवसाचं काम घेतलं. ती पहाटे सायकलवरून जाते, अंधार पडल्यावर येते. आता घरात निरोप पोचवायला कुणी नाही, त्यामुळे निरोपही नाहीत. रविवारी नीलकंठ एकटाच पार्किंगमध्ये जातो, गाडी धुतो, बाक पुसतो आणि दार उघडं ठेवून आत बसून राहतो. एकदा पावसाळ्यात बाजारातून येताना सुप्रभा तिथून जात होती. त्याने तिला पाहिलं आणि बाजूची जागा हाताने थोपटली. ती छत्री सावरत, न थांबता पुढे निघून गेली.