आप्पांसोबत पाहिलेल्या मारामाऱ्या

मला मारामारीचे सिनेमे मनापासून आवडतात आणि मला मारामारीची भयंकर भीती वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या असू शकतात, हे माझ्या नवऱ्याला लग्नाला अठरा वर्षं झाली तरी पटलेलं नाही. तो म्हणतो, डोळे झाकूनच बसायचं तर तिकीट कशाला काढतेस, घरी झाक की. त्याचंही खरं आहे. मी पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. रस्त्यात दोन माणसं आवाज चढवून बोलायला लागली की मी पलीकडच्या फुटपाथवर जाते. आणि तरीही नवा तेलुगू मारधाडपट लागला की पहिल्याच रविवारी, दुपारी तीनच्या खेळाला, मी बाल्कनीत अगदी कडेच्या खुर्चीवर असते. कडेची अशासाठी, की वेळ आली तर पळता यावं. आजवर एकदाच पळाले, आणि तेही पडद्यावरच्या कुणाला भिऊन नाही.

शेजारच्या खुर्चीवर आप्पा असतात, म्हणजे माझे वडील. सांगोल्याकडच्या एका खेड्यातलं त्यांचं घर, मेंढरं राखणारं. पाण्यावाचून सगळं वाळायला लागलं तेव्हा मिसरूड फुटायच्या वयात ते सोलापुरात आले, पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात चादरी विणायला लागले आणि कान जाईपर्यंत तिथंच राहिले. मागांचा तो खडखडाट ज्यानं ऐकलेला नाही त्याला सांगून कळणार नाही. तिथं ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून कुणी ओरडतच नाही. नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. कारखान्यातली निम्मी माणसं तेलुगू बोलणारी, त्यामुळे आप्पा तेलुगू शिकले ते कानांनी नाही, डोळ्यांनी. आज त्यांना ढोल वाजला तर छातीत कळतो, बाकी सगळं शांत. पण समोरचा माणूस मराठीत बोलो, तेलुगूत बोलो, त्यांच्यापासून काही सुटत नाही.

लहानपणी मला याचा फार जाच व्हायचा. आईशी चोरून काही बोलायचं तर आवाज कमी करून काय उपयोग? आप्पांकडे पाठ करून बोलावं लागायचं. सहामाहीत गणितात नापास झाले तेव्हा मी आईला भिंतीकडे तोंड करून सांगितलं. आप्पा मागून म्हणाले, "पाठ केली म्हंजे कायतरी बिनसलंय. किती मार्क पडले?"

सिनेमाला गेल्यावर मात्र हीच विद्या माझ्या कामाची. पडद्यावर ढोल-नगारे वाजत असतात, खलनायक कुणाच्या तरी कानाला लागून काहीतरी कुजबुजतो. आख्ख्या थेटरात ते एकट्या आप्पांना कळतं. ते मोठ्यानं सांगतात, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना ऐकू येत नाही. "मागनं येणार हायत, चौघं. कोयते घिऊन. डोळे झाक." मी झाकते. मागच्या रांगेतल्या दोन-तीन बायकाही झाकतात. मग गुडघ्यावर त्यांची टिचकी बसते, "झालं, उघड." माझ्या आवडत्या मारामाऱ्यांपैकी निम्म्या मी नुसत्या ऐकल्या आहेत आणि आप्पांनी त्याच नुसत्या पाहिल्या आहेत. घरी येताना रिक्षात आम्ही दोघं मिळून एक सिनेमा जुळवतो.

एकदा हौसेनं त्यांना हिंदीत डब केलेल्या तेलुगू सिनेमाला नेलं; आवाज हिंदी, ओठ तेलुगू. नायिका हिंदीत म्हणाली, "तुझ्यासाठी मी जगाशी लढेन." शेजारून आवाज आला, "जेवून जा म्हणत्या." सगळी बाल्कनी हसली. बाहेर पडल्यावर त्या सिनेमाच्या कथेवरून आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, तिनं त्याला माफ केलं. त्यांचं म्हणणं, माफबिफ काही नाही, ती भाड्याचं बोलत होती.

त्यांची पारखही कारागिराची. मिठागरात वीस जणांना लोळवणारा एक लॉरी ड्रायव्हर मला फार आवडला होता, त्याला त्यांनी नापास केलं. "पाय बग की त्याचा. ठोसा हाणायच्या आदी पाय रोवाय पायजे. ह्यो नाचतोय." बांगड्यांच्या बाजारात लढणारी पोलीस फौजदारीण मात्र पास. ती फुटलेल्या काचांवरून पाऊल उचलत नव्हती, सरकवत होती. आप्पा म्हणाले, "हिनं काम केल्यालं हाय कुटंतरी." मागावरून धोटा सुटून माणसाच्या डोळ्याजवळ लागलेला त्यांनी पाहिला होता. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, टोकाला लोखंड. त्यामुळे खोटा मार त्यांना लगेच ओळखू येई. खऱ्या मारात माणूस उडत नाही, जागच्या जागी बसतो, हे त्यांनीच मला सांगितलं.

मला या सिनेमांत काय मिळतं, असं कुणी विचारलं तर मी सांगते, हमी. भीती तर मला सकाळी दूध तापवण्यापासून असतेच. पण तिथल्या भीतीला शेवट असतो, तो तीन तासांत येतो, आणि ज्याच्यासाठी आपण भितो तो माणूस उठून उभा राहतो. शिवाय शेजारी सगळं आधी सांगणारं माणूस.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सिनेमातला नायक दुष्काळी भागात पाण्याचा टँकर चालवणारा होता, म्हणून आप्पा आठवडाभर आधीपासून खुशीत. बाल्कनीच्या जिन्यात वळणावर ते थांबले. भिंतीला हात लावून उभे राहिले. मी दोन पायऱ्या खाली होते.

"काय हुतंय आप्पा?" त्यांच्या समोर जाऊन मी विचारलं.

"काय न्हाय. ह्यांनी दोन पायऱ्या वाडवल्यात," ते म्हणाले.

मी हसले. हसले याचा आजही मला राग येतो. मध्यंतरात त्यांनी सोडा मागितला, गॅस झालाय म्हणाले. थेटरातली हवा गार होती आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. घरी जाऊ या म्हटलं तर म्हणाले, टँकर जाळणार हायत, ते बगून जाऊ. मी बसले. आमच्या घरात आप्पांच्या शब्दापुढे जायची पद्धत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते गॅसचं कारण खरं मानायचं होतं.

मध्यंतरानंतर टँकरभोवती माणसं जमायला लागली. संगीत चढलं. म्होरक्या दुसऱ्याच्या कानाशी लागला. मी आप्पांच्या सांगण्याची वाट पाहत बसले. सांगणं आलं नाही. पहिला वार झाला, दुसरा झाला, मी डोळे उघडे ठेवून सगळं पाहिलं, रक्त, तुटलेला हात, सगळं. मग वळून पाहिलं. आप्पांनीच डोळे मिटले होते. डावा हात छातीशी, तोंड किंचित उघडं.

पडद्यावरच्या त्या टँकरवाल्याला तीन गोळ्या लागल्या आणि तो उठला. इतका राग मला कुणाचा आला नसेल. मी आप्पांचा हात ओढला, त्यांनी डोळे उघडले, आणि आम्ही पळालो. पळालो म्हणजे मी मनातून पळत होते. ते एकेक पायरी बसत उतरले. रिक्षावाला सात रस्त्याच्या सिग्नलला थांबला तेव्हा मी त्याच्यावर अशी किंचाळले की त्यानं मागे न बघता गाडी काढली. रस्त्यात ओरडणाऱ्यांना भिणारी मी, ती मीच.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला अतिदक्षता विभागाच्या बाहेर बोलावलं. मध्ये काचेचं दार. आत आप्पा उशीला टेकून बसलेले, आमच्याकडेच बघत. माझं रडणं त्यांना दिसू नये म्हणून मी लहानपणापासूनच्या सवयीनं त्यांच्याकडे पाठ केली. डॉक्टर शांतपणे, एकेक शब्द सुटा करून बोलले. तीन नळ्या बंद आहेत. हृदयाची ताकद फार कमी झाली आहे. ऑपरेशन केलं तर टेबलावरच काही होऊ शकतं. नाही केलं तर काही महिन्यांच्या पलीकडचं मी बोलणार नाही. मी विचारलं, "वाचतील ना?" ते म्हणाले, "सांगता येत नाही."

मी पदरानं तोंड पुसलं, हसरं केलं आणि आत गेले. "किरकोळ हाय म्हणालेत. बारीकसं ऑपरेशन करत्याल."

आप्पांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"डॉक्टरास्नी सांग," ते म्हणाले, "बोलताना तोंडावर हात ठेवत जावा."

मी माझं तोंड लपवलं होतं. डॉक्टरांचं तोंड सबंध वेळ काचेतून त्यांच्या समोर होतं. जन्मभर या माणसाच्या घरात राहून ही चूक मी केली.

"टेबलावर म्हणला. महिने म्हणला," ते पुढं म्हणाले. "किती महिने ते मिशीमुळं दिसलं न्हाय."

"आकडा सांगितलाच न्हाय, आप्पा."

"व्हय का." मग पांघरुणाची कड बोटांनी चाचपत, कापडाचा पोत बघावा तशी, ते म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय गं."

चाळीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कोयते, गोळ्या, जळते टँकर, सगळं त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहून मला आधी सांगितलेलं. आता सांगायची पाळी माझी होती आणि मला पुढचं काही दिसत नव्हतं. "मलापण," मी म्हणाले. एवढंच खरं होतं. त्यांनी मान हलवली. "मग करून टाकू," म्हणाले. "भीत बसून तरी काय करायचं."

ऑपरेशन पार पडलं. ते वाचले, हे इथंच सांगून टाकते. पण माझी सगळ्यात मोठी भीती त्यानंतरची आहे. दोन दिवसांनी घशातली नळी काढली तेव्हा त्यांचा आवाज पार गेला होता. मी वाकले. त्यांनी ओठ हलवले. मला काही कळलं नाही. पुन्हा हलवले, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसे. मी ओठांकडे टक लावून बघत होते आणि ते नुसते हलणारे ओठ होते. ज्या माणसानं माझं तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलंसुद्धा आयुष्यभर वाचलं, त्याचे ओठ वाचायला मी शिकलेच नव्हते. गरजच पडली नव्हती, ते मोठ्यानं बोलायचे. तिसऱ्यांदा त्यांनी काहीतरी म्हटलं आणि मी मान डोलावली, "व्हय आप्पा, व्हय व्हय." मला कळलेलं नाही हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं आणि डोळे मिटले. हे शेवटचं असलं तर, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला. स्टूल ओढून नर्सनं मला बसवलं.

आठवड्यानं आवाज आला. मी विचारलं, काय म्हणत होता? "काय की. गुंगीत हुतो," ते म्हणाले. त्यांना खरंच आठवत नाही. ते तीन वेळा सांगितलेलं आता कुणालाच ठाऊक नाही.

बाल्कनीचा जिना त्यांना बंद झाला. आता रविवारी दुपारी मी माहेरी जाते. आई चहा टाकते, आम्ही टीव्हीवर जुना मारधाडपट लावतो आणि मी आवाज पूर्ण बंद करते. आप्पांना फरक पडत नाही. मी त्यांच्याकडून ओठ वाचायला शिकते आहे. मी मठ्ठ विद्यार्थिनी आहे. 'प', 'ब' आणि 'म' मला सारखेच दिसतात. ते म्हणतात, "नुसतं ओठ बगू नगंस, गाल बग." आवाज नसलेली मारामारी फार वाईट दिसते. ठोसे बसतात, माणसं कोसळतात आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर. मला थेटरापेक्षा जास्त भीती वाटते. पण डोळे झाकता येत नाहीत, झाकले तर वाचणार कसं?

हे मी कशासाठी शिकते आहे ते मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी माझी ओळीनं तीन वाक्यं चुकली. नायकाची आई खाटेवर पडून त्याला काहीतरी सांगत होती आणि मला एक शब्द लागेना. मी वैतागून आप्पांकडे तोंड केलं. "यील हळूहळू," मी म्हणाले. "घाई काय हाय?"

त्यांनी माझे ओठ वाचले.

"घाई हाय की गं," ते म्हणाले, आणि रिमोट घेऊन ते वाक्य पुन्हा मागे नेलं.