डॉक्टरचा उपास

आमच्या डोंगरकडा गावात एकादशी-चतुर्थीचे उपास घरोघरी असतात. माझी आई वर आणखी एक उपास धरायची, डॉक्टरचा. साखर तपासायला जायच्या दोन दिवस आधीपासून ती जेवण बंद करायची. गोळ्या मात्र चालू. एकदा वारंगा फाट्यावर जीपमधून उतरताना ती घेरी येऊन माझ्या अंगावर कोसळली. टपरीवाल्याकडून साखर मागून तोंडात कोंबली, तेव्हा डोळे उघडले.

"काहून करतीस असं?" मी भर रस्त्यात ओरडले.

"साखर वाढली की चार माणसांत रागावतेत माय."

ते खोटं नव्हतं. आमचे डॉक्टर बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "काय आजी, चोरून लाडू खाल्ले ना?" बाकावरचे फिदीफिदी हसायचे. उभ्या जन्मात कुणाच्या काडीला हात न लावलेली बाई तिथे चोर ठरायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी भांडायला उठले की आई हात धरून खाली बसवायची. दर महिन्याला त्याच दारात जायचं होतं ना!

उपाशी बाईची साखर कमीच भरणार. घेरी आली त्या दिवशीही डॉक्टर खूश झाले. "शाबास!" म्हणाले आणि एक गोळी कमी केली. मी घेरीचं सांगायला तोंड उघडलं, तोवर पुढच्या पेशंटला हाक गेली. घरी काय खाता, पाय दाखवा बघू, असं काहीही विचारणं नाही. त्याच वेळी टेबलाखाली आईच्या अंगठ्याला ठेचेची जखम होती, हळद भरून लुगड्याच्या काठाखाली झाकलेली. रागावतील म्हणून तिने ती माझ्यापासूनही लपवली. मला कळलं ते वासावरून. तोवर अंगठा काळा पडला होता, नांदेडला नेऊन कापावा लागला.

तिथून घरी सोडायच्या दिवशी दवाखान्यातली एक मुलगी प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारत आली, "मावशी, इथल्या उपचारांवर समाधानी आहात का?"

इतक्या वर्षांत हे कुणीतरी पहिल्यांदा विचारत होतं, आणि तेही अंगठा गेल्यावर! मला तिच्यावर खेकसावंसं वाटलं. पण आई आधीच उठून बसली होती. तिने हात जोडले.

"लई समाधानी हाये माय. अंगठा गेला, पर कुणी रागावलं न्हाई."